नामंजुरीचा अलिखित शेरा

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने २०१५ साली या राज्यातील नागरिकाच्या हाती एक मौल्यवान अधिकार दिला. अधिसूचित सेवा विहित मुदतीत मिळाली पाहिजे, आणि अर्ज नामंजूर करावयाचा झाल्यास पदनिर्देशित अधिकाऱ्याने त्याची कारणे लेखी नमूद करून ती अर्जदारास कळविली पाहिजेत, असा दंडक त्या कायद्याने घालून दिला. त्या कारणांविरुद्ध वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येते, आणि अखेरीस लोकसेवा हक्क आयोगापर्यंत दाद मागता येते. ज्या समाजात ‘साहेब नाहीत, उद्या या’ एवढ्या चार शब्दांवर लोकांचे महिने गेले, त्या समाजात नामंजुरीला कागदावर उतरावयास लावणे ही लहान गोष्ट नव्हे. परंतु याच काळात शासनाचे, बँकांचे, विद्यापीठांचे आणि विमा कंपन्यांचे बहुतेक व्यवहार कागदी अर्जावरून वेबवरील फॉर्मवर आले, आणि नामंजुरी अधिकाऱ्याच्या मेजावरून उठून अर्जाच्या रकान्यात जाऊन बसली. रकान्याभोवती तांबडी चौकट उमटते, ‘अवैध माहिती’ असे दोन शब्द दिसतात, आणि अर्ज पुढे जात नाही. त्या अर्जाला क्रमांक मिळालेला नसतो, त्याची आवक-नोंद झालेली नसते, त्यावर कोणी शेरा मारलेला नसतो; दफ्तराच्या लेखी तो अर्जदार कधी आलेलाच नसतो. ज्या नामंजुरीला कारण नाही, सही नाही आणि तारीखही नाही, तिच्यावर अपील तरी कशाच्या आधारे करावे?

या तांबड्या चौकटीमागे जे काम चालते त्याला संगणकाच्या व्यवसायात व्हॅलिडेशन म्हणतात, आणि ते काम मुळात अत्यंत उपकारक आहे हे प्रथम मान्य केले पाहिजे. वेबच्या आरंभकाळी भरलेला फॉर्म दूरच्या सर्व्हरपर्यंत जाई, तेथे तपासला जाई आणि एखादी चूक निघाली की सगळाच्या सगळा परत येई. फोनच्या तारेवरून चालणाऱ्या त्या मंद जोडणीत ही येरझार फार जाचक होती. १९९५ साली जावास्क्रिप्ट ही भाषा आली आणि तपासणीचा पहिला भाग अर्जदाराच्या स्वतःच्या ब्राउझरमध्ये, तत्क्षणी, होऊ लागला. पुढे ऑक्टोबर २०१४ मध्ये एचटीएमएल-पाच हे प्रमाण अधिकृतपणे स्वीकारले गेले, तेव्हा रकाना अनिवार्य असणे, त्यात किती अक्षरे मावावीत, ईमेलचा घाट कसा असावा, अशा सामान्य अटी ब्राउझरनेच सांभाळाव्यात अशी सोय झाली. या ठरीव अटींच्या पलीकडचा जो नियम प्रोग्रामर स्वतः लिहितो, त्याला कस्टम व्हॅलिडेशन असे नाव आहे, आणि त्याकरिता ब्राउझरमध्ये ‘सेटकस्टमव्हॅलिडिटी’ नावाचे एक साधन आहे. त्याची रीत साधी आहे: प्रोग्रामरने रकान्याला एक संदेश द्यावयाचा, तो संदेश रिकामा नाही तोवर रकाना अवैध, आणि एक रकाना अवैध तोवर संपूर्ण फॉर्म जागच्या जागी. अर्जदाराने चूक दुरुस्त केल्यावर तो संदेश पुसून रिकामा करणे हेही प्रोग्रामरचेच काम असते, आणि ते विसरले गेले की बिनचूक भरलेला रकानाही जुन्या दोषाखाली अडकून राहतो. ब्राउझरमधील ही तपासणी केवळ सोयीची असते. जाणकार माणूस ती सहज टाळू शकतो, म्हणून सर्व्हरवर तीच तपासणी पुन्हा करावीच लागते. पुष्कळ ठिकाणी या दोन तपासण्यांचे नियम दोन वेगळ्या माणसांनी लिहिलेले असतात आणि ते परस्परांशी जुळत नाहीत. मग ब्राउझरने मंजूर केलेला तासाभराच्या मेहनतीचा अर्ज सर्व्हर शेवटच्या पायरीवर फेटाळतो.

कोणता नियम न्याय्य आणि कोणता अन्याय्य, हे ठरविण्याची एक कसोटी मला पुरेशी वाटते. जी संख्या किंवा जो संकेत एखाद्या संस्थेने निर्माण केला आहे, त्याचे स्वरूप त्या संस्थेने लिहून ठेवलेले असते, आणि त्या स्वरूपाची पडताळणी रकान्याने खुशाल, किंबहुना काटेकोरपणे करावी. पिनकोडाचेच उदाहरण घ्या. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली ही पद्धती संस्कृतचे पंडित व कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी केंद्रीय दळणवळण खात्यात अधिकारी असताना रचली. तिच्यात सहा अंक, पहिला अंक शून्य कधीच नाही, आणि चार या अंकाने आरंभ होणारा विभाग महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांचा. तेव्हा जिल्ह्याच्या रकान्यात रत्नागिरी लिहून कोणी पाच या अंकाने सुरू होणारा पिनकोड भरला, तर फॉर्मने त्याला तेथल्या तेथे थांबवावे यात अर्जदाराचेच हित आहे. पॅन क्रमांकात पाच अक्षरे, चार अंक व एक अक्षर. त्यातील चौथे अक्षर धारक व्यक्ती आहे की कंपनी की न्यास हे सांगते. आधार क्रमांकाची रचना तर याहून सूक्ष्म. नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी ज्या क्रमांकांच्या वाटपास आरंभ झाला, त्या बारा अंकांतील शेवटचा अंक आधीच्या अकरा अंकांवरून गणिताने काढलेला असतो. डच गणिती व्हरहूफ यांनी १९६९ साली प्रसिद्ध केलेल्या या गणिताची खुबी अशी की, कोणताही एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन भिन्न अंक उलटसुलट झाले, तर ती चूक हमखास उघडी पडते. टेंभलीतल्या एखाद्या वृद्धेचा क्रमांक सेवा केंद्रावरच्या मुलाने घाईत चुकीचा दाबला, तर रकाना त्याच क्षणी सावध करतो आणि तिचे अनुदान अडकण्याचा एक मार्ग तेथेच बंद होतो. व्हॅलिडेशनचे हे उत्तम रूप आहे, आणि ज्यांनी ते रचले त्यांच्याविषयी मला आदर आहे.

माणसाचे नाव मात्र कोणत्याही कार्यालयाने निर्माण केलेले नाही. ते घराने दिले, कुळाने दिले, गावाने दिले, कित्येकदा नुसत्या प्रेमाने दिले. त्याचा आकार, त्याची लांबी, त्याच्या घटकांची संख्या कोणी ठरवून दिलेली नाही. आणि नेमके याच रकान्यावर सर्वांत निष्ठुर नियम लिहिले जातात. रोमन वर्णमालेतील पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंतची अक्षरे तेवढी चालतील, अशी अट प्रोग्रामर अर्ध्या ओळीत लिहून मोकळा होतो. मग मराठीत नाव भरणाऱ्याला पडद्यावर उत्तर मिळते की, ‘विशेष चिन्हे वापरू नयेत’. १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने ज्या राज्याची राजभाषा मराठी ठरविली, त्या राज्यातल्या रहिवाशाचे मराठीत लिहिलेले स्वतःचे नाव हे ‘विशेष चिन्ह’ ठरावे, याचा विषाद वाटल्यावाचून राहत नाही.

यावर कोणी म्हणेल की, देवनागरीला वाव देणे आता सोपे झाले आहे. ते खरे आहे. परंतु येथेच एक फसवा खड्डा आहे आणि त्यात सद्हेतूने काम करणारी माणसेही पडतात. जगातील लिप्यांना समान स्थान देणाऱ्या युनिकोडने प्रत्येक चिन्हाचा वर्ग ठरवून दिला आहे, आणि २०१८ पासून जावास्क्रिप्टमध्ये ‘कोणत्याही लिपीचे अक्षर’ असा एकच व्यापक साचा लिहिता येतो. प्रोग्रामर तो साचा वापरतो आणि आपण सर्व भाषांना न्याय दिला अशा समाधानात राहतो. परंतु युनिकोडच्या वर्गवारीत देवनागरीची स्वरचिन्हे, अनुस्वार आणि हलन्त यांची गणना अक्षरांत होत नाही. ती अक्षराला जोडून येणारी चिन्हे म्हणून वेगळ्या वर्गात आहेत. त्यामुळे त्या साच्यातून ‘कमल’ हे नाव सुखरूप पार पडते आणि ‘कमला’ अडते. ‘शरद’ मंजूर होतो आणि ‘शारदा’ नामंजूर होते. एका कान्यामुळे अर्ज परत! त्या साच्यात चिन्हांचा वर्गही समाविष्ट केला की हा दोष दूर होतो. म्हणजे उपाय एका शब्दाएवढा आहे, पण तो सुचण्याकरिता फॉर्म तयार करणाऱ्याने एकदा तरी ‘कमला’ हे नाव त्यात भरून पाहिलेले असले पाहिजे.

लांबीच्या मर्यादेचेही तसेच. ‘श्रीकृष्ण’ या नावात मराठी माणूस तीन अक्षरे मोजतो. युनिकोडच्या हिशेबी ती नऊ चिन्हे होतात, आणि साठवणुकीच्या प्रचलित पद्धतीत त्यांना सत्तावीस बाइट लागतात. तीस बाइटांची मर्यादा रोमनमधल्या नावाला ऐसपैस होते. मराठीत मात्र पूर्ण नाव लिहू गेल्यास वडिलांच्या नावाच्या आरंभीच ती संपते. आणखी एक प्रकार याहूनही नाजूक आहे. ‘कऱ्हाडे’ किंवा ‘गोऱ्हे’ या आडनावांतला तो विशिष्ट रकार संगणकात दोन रीतींनी लिहिता येतो: एकच स्वतंत्र चिन्ह म्हणून, किंवा साधा र आणि त्याखाली नुक्ता अशा जोडीने. डोळ्यांना दोहोंत तिळमात्र फरक दिसत नाही. पण दोन दस्तऐवजांतली नावे ताडून पाहणाऱ्या नियमाला ती दोन भिन्न नावे वाटतात, आणि ‘नाव जुळत नाही’ असे उत्तर येते. तुलना करण्यापूर्वी दोन्ही नावे एकाच रीतीत आणावीत याकरिता युनिकोडने निश्चित पद्धती सांगून ठेवली आहे. ती न वापरणाऱ्या फॉर्मपुढे कऱ्हाडे आडनावाच्या गृहस्थाने आपले नाव कितीही वेळा तपासून पाहिले, तरी त्यात काय चुकले हे त्याला कधी दिसणारच नाही.

गोव्यातल्या आणि वसईतल्या अनेक ख्रिस्ती कुटुंबांची आडनावे रोमनमध्ये लिहिताना आरंभीच्या ‘डी’नंतर वर एक लहान स्वल्पविरामासारखे चिन्ह येते, डिसोझा, डिमेलो ही त्यांतली सर्वपरिचित. कित्येक फॉर्म ते चिन्ह नाकारतात. यामागचे कारण जाणून घेण्यासारखे आहे. डेटाबेसला प्रश्न विचारण्याच्या एसक्यूएल भाषेत तेच चिन्ह मजकुराची सुरुवात व शेवट दाखविते. निष्काळजीपणे लिहिलेल्या प्रोग्रामात अर्जदाराचा मजकूर थेट त्या प्रश्नात चिकटविला जातो, आणि मग त्या चिन्हाच्या आधारे एखादा दुष्ट मनुष्य डेटाबेसला आपला हुकूम सोडू शकतो. धोका खरा आहे. पण त्याचे निवारण म्हणजे हुकूम आणि मजकूर एकमेकांपासून वेगळे ठेवून डेटाबेसकडे पाठविणे. ही रीत जुनी, सुपरिचित आणि बिनखर्चाची आहे. तिचा अवलंब न करता चिन्हालाच बंदी घालणे म्हणजे कारागिराच्या कसुरीचा दंड डिमेलो कुटुंबाकडून वसूल करणे होय. सातबारा उतारा ज्या राज्याच्या जमीन-महसुलाचा कणा आहे, त्याच राज्यात पत्त्याच्या रकान्यात तिरपी रेघ चालत नाही आणि गट क्रमांकाचा पोटहिस्सा लिहिता येत नाही, हेही याच भयाचे अपत्य.

अनिवार्यतेच्या अटीविषयी मला अधिक कळकळीने लिहावेसे वाटते, कारण तिथे प्रश्न चिन्हांचा नसून माणसाच्या आयुष्याचा असतो. आडनाव अनिवार्य, पण तामिळनाडूतून येऊन मुंबईत स्थायिक झालेल्या अनेक कुटुंबांत आडनाव ही वस्तूच नाही, वडिलांच्या नावाचे आद्याक्षर आणि स्वतःचे नाव एवढाच ऐवज. वडिलांचे नाव अनिवार्य. पण जिने मुलाला एकटीने वाढविले त्या आईने त्या रकान्यात काय लिहावे? अशा वेळी सेवा केंद्रावर काय घडते ते कोणीही जाऊन पाहावे. खिडकीत बसलेला मुलगा समंजस असतो, मागे रांग असते, आणि रकाना रिकामा सोडला तर अर्ज जात नाही. म्हणून तो एक पूर्णविराम टाकतो, किंवा पहिलेच नाव आडनावाच्या जागी पुन्हा लिहितो, किंवा ‘लागू नाही’ अशा अर्थाची दोन रोमन अक्षरे भरतो. फॉर्म संतुष्ट होतो. पुढे तोच पूर्णविराम, तीच दोन अक्षरे छापील प्रमाणपत्रावर आडनाव म्हणून अवतरतात. दुसऱ्या दस्तऐवजातल्या नावाशी ती जुळत नाहीत. मग प्रतिज्ञापत्र, मग राजपत्रात जाहिरात, मग दुरुस्तीचा नवा अर्ज, आणि त्या अर्जातही तोच अनिवार्य रकाना. माहिती शुद्ध राहावी म्हणून घातलेल्या अटीने दफ्तरात असत्य भरले जाते, आणि ते असत्य अर्जदाराच्या नावावर कायमचे नोंदले जाते.

या सर्वांवर प्रोग्रामरांचे एक उत्तर असते आणि ते अप्रामाणिक नाही. ते म्हणतात की, अट सैल केली तर लोक वाटेल ते भरतील, आणि लाखो नोंदींच्या डेटाबेसमध्ये तो कचरा कोणी निवडावा? शिवाय निविदेतच ‘अचूक माहितीची हमी’ मागितलेली असते, मुदत तोकडी असते, आणि कोणत्या नावांचे लोक येणार हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. यातला शेवटचा मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटतो. रकान्याचा नियम हा त्या सेवेचा एक पोटनियमच आहे. आणि अधिनियमाखालचे नियम जर मसुदा करून, हरकती व सूचना मागवून, राजपत्रात प्रसिद्ध होतात, तर लाखो अर्जदारांना बांधणारा हा पोटनियम कोणाच्याही सहीशिवाय एखाद्या कंत्राटदाराच्या कचेरीत रात्री ठरावा, हे कोणत्या न्यायाने? दोष त्या तरुण प्रोग्रामरचा थोडा आणि ज्याने त्याला नियम दिलाच नाही त्या खात्याचा फार आहे.

माझे म्हणणे असे की, खात्याने प्रत्येक रकान्याचा नियम साध्या मराठीत लिहून, सक्षम अधिकाऱ्याच्या सहीने, फॉर्मसोबतच प्रसिद्ध करावा. ज्या चुकीविषयी गणित निःसंशय ग्वाही देते तेवढीच चूक अडविणारी असावी. जे केवळ अपरिचित दिसते, म्हणजे एका शब्दाचे नाव, आडनावाचा अभाव, अनोळखी चिन्ह, त्याविषयी फॉर्मने अर्जदाराला एकदा विचारावे, ‘हे असेच आहे काय?’, आणि त्याने होय म्हटल्यास अर्ज स्वीकारून, पोचपावती देऊन, तो माणसाच्या नजरेखालून जावा अशी खूण करून ठेवावी. संदेशही सभ्य आणि नेमका हवा. ‘अवैध माहिती’ यातून कोणालाही काही कळत नाही. ‘पिनकोडमध्ये सहा अंक असतात, आपण पाच भरले आहेत’ यातून कळते, आणि ब्राउझरचे ‘सेटकस्टमव्हॅलिडिटी’ हे साधन प्रोग्रामरला हवा तो संदेश हव्या त्या भाषेत देऊ देते. दोष नुसत्या तांबड्या रंगाने दाखविला तर अंधांना आणि रंगांधांना तो समजतच नाही; तो शब्दांत सांगावा ही वेबच्या सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांतली अगदी पहिल्या पायरीची अपेक्षा आहे. आणि अक्षर टाइप होत असतानाच चौकट तांबडी करण्याऐवजी अर्जदार रकाना पुरा करून पुढे जाईपर्यंत थांबावे, एवढे सौजन्य यंत्राकडूनही अपेक्षावे.

याशिवाय दोन गोष्टी निविदेतच घालाव्यात. एक, फॉर्म स्वीकारण्यापूर्वी तो राज्याच्या निरनिराळ्या भागांतील नावांनी भरून दाखवावा: देवनागरीत आणि रोमनमध्ये, आडनावासह आणि आडनावावाचून, नंदुरबारच्या पाड्यावरची, वसईची, भिवंडीची, सोलापूरच्या तेलुगू वस्तीतली. दुसरी, कोणत्या रकान्याने किती वेळा अर्ज थांबविला याची मोजदाद ठेवावी. अर्जदाराने काय टाइप केले ते साठविण्याची मुळीच गरज नाही, आणि ते साठवूही नये. केवळ रकाना, तारीख आणि संख्या पुरेशी आहे. ज्या रकान्याने महिन्याभरात असाधारण प्रमाणात लोक परतविले असतील, त्याचा नियम खात्याच्या आढावा बैठकीत मांडला जावा आणि तो कायम ठेवण्याचे कारण कार्यवृत्तात लिहिले जावे.

या सूचनांची निकड केवळ मागची दुरुस्ती करण्यापुरती नाही. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येक बालकाचे पूर्ण नाव बालकाचे स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने लिहावे, असा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला. तो स्वागतार्ह आहे. परंतु देशात चालणारे बहुतेक फॉर्म पहिले नाव, मधले नाव आणि शेवटचे नाव अशा तीनच रकान्यांचे आहेत, आणि त्यांतील कित्येक मधल्या रकान्यात मोकळी जागा येऊ देत नाहीत, म्हणजे आई आणि वडील यांची नावे तेथे शेजारी शेजारी बसू शकत नाहीत. ती मुले २०३० च्या सुमारास पहिलीत जातील. त्यांच्या प्रवेशाचे, शिष्यवृत्तीचे आणि बँक खात्यांचे फॉर्म ज्या निविदांतून तयार व्हावयाचे, त्यांचे मसुदे या दोन-तीन वर्षांत लिहिले जातील, आणि आईच्या नावाला त्यांत स्वतंत्र रकाना असावा की नसावा हे त्या मसुद्यांतच ठरेल.